पुसाचा गहू, पंजाबचे पाणी, दिल्लीचा धूर

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये भारताचे अन्न व कृषिमंत्री स. का. पाटील आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका करारावर सह्या केल्या. चार वर्षांत अमेरिकेने भारताला १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ द्यायचा आणि भारताने त्याचे पैसे डॉलरऐवजी रुपयांत फेडायचे, असे ठरले. ‘पब्लिक लॉ ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली हा व्यवहार झाला, म्हणून आपल्याकडे त्या धान्याला पीएल-४८०चा गहू हेच नाव पडले. परकीय चलनाची कायम चणचण असलेल्या देशाला हा मोठाच आधार होता. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी ज्यांनी रेशनवर आणून खाल्ली आहे, त्या पिढीला या आधाराची चव वेगळी सांगायला नको.

पण स्वस्त धान्य बंदरात येऊन पडत असताना शेतीवर पैसा घालण्याची निकड सरकारला वाटेना. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून नियोजनाचा ओढा पोलाद, यंत्रे आणि वीज यांच्याकडे होता. शहरातले भाव चढू नयेत म्हणून आयात गहू बाजारात सोडला जाई आणि त्याची झळ इथे गहू पिकवणाऱ्यालाच बसे. देशाचे पोट पाऊस आणि जहाजे या दोन गोष्टींच्या भरवशावर होते. १९६५ मध्ये दोन्ही एकदम डळमळल्या.

त्या वर्षी मोसमी पाऊस सपशेल फसला. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन अन्नधान्य पिकले होते. १९६५-६६ मध्ये ते ७ कोटी २० लाख टनांवर आले. एका वर्षात जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. अमेरिकेचे नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार करायचे नाकारले आणि धान्य थोड्या थोड्या मुदतीच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीका त्यांना खुपत होती. शिवाय भारताने आधी आपली शेती सुधारावी, हा त्यांचा हट्ट होता. कृषी भवनात कोणते जहाज कुठवर आले याचा हिशेब ठेवला जाऊ लागला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायचे आवाहन केले आणि स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला. हे चित्र आपण पाठ्यपुस्तकात पाहतो आणि पुढे जातो. त्यामागची अगतिकता मात्र खरी होती. १९६६ मध्ये पाऊस पुन्हा फसला, बिहारमध्ये दुष्काळाने थैमान घातले आणि त्या एका वर्षात भारताला १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले.

तेव्हा हवामान बदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पण पावसाने दगा दिला म्हणून एका देशाने आपली अन्नव्यवस्था पाच-सहा वर्षांत मुळापासून बदलली, ही घटना याच काळात घडली, आणि ती दिल्लीत घडली. आज दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राज्यांपुढे तसाच प्रश्न पुन्हा उभा असताना तो पहिला बदल कसा जमला आणि त्यातून काय निपजले, हे नीट समजून घेणे फार गरजेचे आहे.

करोल बागेच्या पश्चिमेला दिल्लीत पुसा नावाचा भाग आहे. हे नाव मूळचे बिहारमधल्या एका गावाचे. तिथे १९०५ मध्ये हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या देणगीतून कृषी संशोधन संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तिची इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. तीच आजची भारतीय कृषी संशोधन संस्था. बी. पी. पाल यांनी तिथे तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती काढल्या होत्या. अडचण वेगळी होती. आपला गहू उंच वाढे. खत जास्त घातले की ओंबी जड होई, काडी वाकू लागे आणि पीक लोळे. म्हणजे खताचा आणि पाण्याचा खर्च करूनही पदरात पडायचे ते नुकसान. काडीच आखूड हवी होती.

अशी आखूड काडी जपानच्या ‘नोरिन १०’ या जातीत होती. ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेली आणि तिथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती लागली. पुसाचे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांच्या आग्रहावरून बोरलॉग मार्च १९६३ मध्ये भारतात आले, उत्तरेतली गव्हाची शिवारे पाहून गेले आणि त्यांनी काही बुटक्या जातींचे बियाणे पाठवले. त्या रब्बीत दिल्लीसह काही केंद्रांवर ते पेरले गेले. सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो या दोन जातींनी शास्त्रज्ञांचे डोळे उघडले.

पुढची गोष्ट एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोतून भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांसाठी बियाण्याच्या ट्रकांचा ताफा निघाला. भारताच्या वाट्याला २५० टन होते. सीमेवर ताफा अडला, लॉस एंजेलिसच्या वाटेवर असताना तिथे वॉट्सची दंगल पेटली, आणि बियाणे जहाजावर चढून समुद्रात असताना भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाले. दोन्ही देशांचे बी एकाच प्रवासाला निघाले होते. हाती आल्यावर कळले की गोदामात औषधाची धुरी जास्त झाल्याने उगवण फार कमी होती. बोरलॉग यांनी बियाण्याचे प्रमाण दुप्पट करायला सांगितले आणि पेरणी निभावली.

जून १९६४ पासून कृषिमंत्री असलेल्या सी. सुब्रह्मण्यम यांनी हे बियाणे मोठ्या प्रमाणावर आणायचा निर्णय घेतला तो इथे. त्यांच्याबरोबर कृषी सचिव बी. शिवरामन होते. खात्यात आणखी एक माणूस होता, त्याचे नाव महाराष्ट्राने जास्त आठवायला हवे. नगर जिल्ह्यातल्या सहकारी चळवळीतून लोकसभेवर गेलेले अण्णासाहेब शिंदे शेती खात्यात आधी कनिष्ठ मंत्री आणि मग १९७७ पर्यंत राज्यमंत्री होते. मंत्री बदलत गेले, शिंदे राहिले, आणि नव्या धोरणाला खात्यात सातत्य मिळाले.

विरोध कमी नव्हता. बियाण्यासाठी आणि खतासाठी परकीय चलन कुठून आणायचे, हा अर्थखात्याचा सवाल होता. डाव्या पक्षांना यात अमेरिकेची दोरी दिसत होती. आधीच पाणी असलेल्या भागातल्या, ऐपत असलेल्या शेतकऱ्यालाच याचा लाभ मिळेल आणि विषमता वाढेल, असे अनेक अर्थतज्ज्ञ म्हणत होते. यातली शेवटची शंका बऱ्याच अंशी खरी ठरली. तरीही सुब्रह्मण्यम थांबले नाहीत. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणे मेक्सिकोतून आले. त्या काळी जगात एवढे बियाणे एका खेपेत कोणी आणले नव्हते.

बियाणे आले म्हणून गहू पिकला, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग इथेच आहे. जानेवारी १९६५ मध्ये, म्हणजे मेक्सिकन गव्हाचा मोठा साठा येण्याच्या आधीच, दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या: कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ. एकीने भाव सुचवायचा, दुसरीने त्या भावाने माल उचलायचा. भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले होते. त्याचे कालवे आणि त्यापाठोपाठ विंधन विहिरी यांनी पंजाब-हरियाणाला पाणी दिले. शेतकऱ्याला नव्या पिकाचा धोका पत्करायला सांगताना सरकारने तो धोका स्वतःच्या खांद्यावर घेतला. बी, पाणी, खत, भाव आणि खरेदी या पाचही गोष्टी एकाच वेळी त्याच्या बांधावर पोचल्या.

दिल्लीच्या वायव्येला कंझावला भागात जौंती हे गाव आहे. स्वामीनाथन यांनी ते निवडले ते बियाण्याचे गाव म्हणून. गव्हाचे उत्पन्न वाढवून दाखवायचे, एवढ्यावर त्यांना थांबायचे नव्हते. शेतकऱ्यांनी इतरांसाठी बी तयार करायचे होते. तिथल्या शेतकऱ्यांनी बी राखले, निवडले, विकले. पुसाच्या प्रयोगशाळेतले ज्ञान आणि त्या गावाची मेहनत यांच्यात काही मैलांचेच अंतर होते, हा दिल्लीचा मोठा फायदा होता. मेक्सिकन गव्हाचा दाणा लालसर होता आणि पोळीला आपल्याकडे पिवळसर, टपोरा दाणा लागतो. पुसात किरणोत्साराने सोनोराचा दाणा बदलून ‘शरबती सोनोरा’ काढला गेला. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ‘कल्याण’ आणि दिल्लीने ‘सोना’ म्हणून निवडलेली एकच जात पुढे ‘कल्याणसोना’ झाली. सोनालिका तिच्यासोबत आली.

१९६७-६८ च्या रब्बीत गव्हाचे उत्पादन १ कोटी १४ लाख टनांवरून १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. धान्य ठेवायला गोदामे पुरली नाहीत, पंजाबात शाळा बंद ठेवून वर्गांत पोती रचली गेली. जुलै १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ‘गहू क्रांती’चे टपाल तिकीट निघाले, त्यावर पुसाच्या ग्रंथालयाची इमारत होती. १९७०-७१ मध्ये गहू २ कोटी ३८ लाख टनांवर पोचला. जहाजांची वाट पाहणे संपले. ज्यांनी हे घडवले त्यांचे ऋण मोठे आहे आणि पुढे जे बिघडले त्याच्या नावाखाली ते नाकारणे अन्यायाचे होईल.

१९६८ च्याच जानेवारीत, वाराणसीच्या विज्ञान काँग्रेसमध्ये, यश हाताशी आलेले असताना स्वामीनाथन यांनी सावध केले होते. जमिनीचा कस न राखता केलेली सघन शेती, निचऱ्याविना दिलेले पाणी, बेसुमार उपसा, कीटकनाशकांचा बेबंद वापर आणि शेकडो स्थानिक जातींच्या जागी एक-दोन जातींचा पसारा, यांतून संकट ओढवेल, असे त्यांनी मुद्द्यांनिशी मांडले. ते ऐकले गेले नाही. ज्या यंत्रणेने देशाला वाचवले होते तिला आवर घालण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती.

तोवर पंजाब-हरियाणात आणि दिल्लीच्या ग्रामीण भागात खरिपाला बाजरी, मका, कापूस, भुईमूग, डाळी आणि रब्बीला गव्हाबरोबर हरभरा असे. हरियाणात हरभऱ्याचे क्षेत्र एकेकाळी लाखो हेक्टर होते. भात हे इथल्या लोकांचे रोजचे अन्न नव्हे. पंजाबात १९६०-६१ मध्ये भाताखाली सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. आज ती ३१ लाख हेक्टरच्या घरात आहे. हा बदल आवडीनिवडीतून झाला नाही. रेशनसाठी तांदूळ हवा होता, अन्न महामंडळाला तो एका ठिकाणी गोळा करणे सोयीचे होते, आणि खरिपातल्या बाकी कोणत्याही पिकाला गव्हासारखी पक्की खरेदी नव्हती. शेतकऱ्याने हिशेब केला आणि बाजरी-हरभरा सोडून भात लावला. त्याच्या जागी कोणीही हेच केले असते.

१९८६ मध्ये अर्थतज्ज्ञ एस. एस. जोहल यांच्या समितीने पंजाब सरकारला सांगितले की गहू-भाताखालची निदान २० टक्के जमीन दुसऱ्या पिकांकडे वळवा. अहवाल फाइलीत गेला. १९९७ मध्ये पंजाबात शेतीला वीज मोफत झाली आणि पंपाचा खटका बंद करण्याचे कारणच उरले नाही. कृषी मूल्य आयोगाच्याच हिशेबानुसार पंजाबात एक किलो तांदूळ पिकवायला पाच हजार लिटरहून जास्त पाणी लागते. बंगालमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. २००९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात नासाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या मोजणीवरून दाखवले की २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणाच्या भूगर्भातून १०९ घन किलोमीटर पाणी गेले.

त्याच वर्षी पंजाब आणि हरियाणाने कायदे केले. जून तापत असताना, पाऊस यायच्या आधी, भाताची लावणी करून उपसा वाढवायचा नाही. पंजाबात १० जूनपूर्वी आणि हरियाणात १५ जूनपूर्वी लावणीला बंदी आली. हेतू चांगला होता आणि पाण्याचा उपसा थोडा आटोक्यातही आला. पण पिकाचे वेळापत्रक एका टोकाला ओढले की दुसरे टोक सरकतेच. लावणी पुढे गेली तशी कापणी ऑक्टोबरच्या अखेरीकडे गेली. गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायलाच हवा. मधे उरले दोन-तीन आठवडे.

कंबाइन हार्वेस्टर भाताची वरची कणसे घेऊन जातो आणि गुडघाभर धसकटे व काडीचे पट्टे शेतात ठेवतो. कोकणात भाताचा पेंढा ही गुरांची वैरण; पंजाबात गुरे गव्हाच्या भुशावर पोसली जातात आणि सिलिका जास्त असलेला हा पेंढा ती नाकारतात. काडी उचलायला मजूर नाही, नांगरायला वेळ नाही, दोन्हीला पैसा लागतो. आगकाडीला काही लागत नाही. काडी पूर्वीही जळायची. कायद्यानंतर ती थोड्या दिवसांत, एकाच वेळी आणि ऐन थंडीच्या तोंडावर जळू लागली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वारा धूर पांगवतो. नोव्हेंबरात वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि वायव्येकडून आलेला धूर दिल्लीवर अडकतो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पाणी वाचवण्याचा कायदा आणि हवेचे बिघडणे यांतला हा दुवा आकड्यांनी मांडला.

दिल्लीच्या हवेला वाहने, कारखाने, बांधकामाची धूळ आणि कचऱ्याच्या आगी वर्षभर पोखरतात. सगळे पाप शेतकऱ्याच्या माथी मारणे चूक आहे. पण त्या दोन-तीन आठवड्यांत काडीच्या धुराचा वाटा काही दिवशी एक तृतीयांशाच्या पुढे जातो, हेही मोजलेले आहे. हरित लवादाने २०१५ मध्ये काडी जाळण्यावर बंदी घातली. २०१६ च्या दिवाळीनंतर दिल्लीत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर दर नोव्हेंबरात न्यायालय, केंद्र आणि राज्ये यांच्यात तोच वाद झडत राहिला. ज्यांनी १९६८ मध्ये देशाचे पोट भरले त्यांच्या नातवंडांवर फौजदारी खटले दाखल होऊ लागले, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत क्लेशदायक पान वाटते.

दरम्यान उष्म्याने दार ठोठावले. शरद पवार २००४ ते २०१४ या काळात कृषिमंत्री होते. त्यांच्या पहिल्या वर्षांत गव्हाचे साठे इतके खाली गेले की २००६-०७ मध्ये सुमारे ५५ लाख टन गहू आयात करावा लागला. पुढे त्यांच्याच कार्यकाळात बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा देशव्यापी संशोधन प्रकल्प सुरू झाला. भात-गव्हाच्या खरेदीचे चाक मात्र तसेच फिरत राहिले.

मार्च २०२२ मध्ये त्या प्रकल्पाचा विषय प्रत्यक्ष शिवारात उतरला. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशाच्या सरासरी कमाल तापमानाचा तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. मार्च हा गव्हाच्या दाण्यात चीक भरण्याचा महिना. उष्णता वाढली की पीक लवकर पिकते आणि दाणा सुरकुततो. सरकारचा ११ कोटी १३ लाख टनांचा पहिला अंदाज खाली आणावा लागला. युक्रेन युद्धामुळे बाहेर भाव चढलेले, आत पीक घटलेले. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर कोसळली. १३ मे रोजी निर्यात बंद झाली आणि काही राज्यांत मोफत धान्य योजनेतला गहू कापून तांदूळ देण्यात आला. दोनच दिवसांनी, १५ मे रोजी, जौंती ज्यात आहे त्याच दिल्लीच्या वायव्य पट्ट्यातल्या मुंगेशपूरला ४९.२ अंश तापमानाची नोंद झाली. पुढच्या वर्षी १३ जुलैला यमुनेने जुन्या लोखंडी पुलापाशी २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली. पंजाब-हरियाणात लावलेला भात वाहून गेला आणि शेतकऱ्यांनी कमी मुदतीच्या जाती आणून पुन्हा लावणी केली.

त्या पुरात कमी मुदतीच्या जातींनी दाखवलेली वाट महत्त्वाची आहे. धूर आणि उष्मा हे दोन प्रश्न एकाच गाठीत अडकले आहेत. भात लवकर निघाला तर काडी शेतातच पसरून तिच्यातून हॅपी सीडर या पेरणी यंत्राने ऑक्टोबरच्या अखेरीस गहू पेरता येतो. जाळायची गरज उरत नाही, आणि लवकर पेरलेल्या गव्हाचा दाणा मार्चच्या उष्म्याआधी भरतो. पुसाने काढलेला एचडी ३३८५ हा गहू अशाच लवकर पेरणीसाठी आहे. कर्नाल आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येते. तिथल्या संस्थेचा ‘करण वंदना’ही लवकर पेरता येतो. भातात लुधियानाचे पीआर १२६ आणि पुसाचे बासमती १५०९ महिनाभर आधी शेत मोकळे करतात. शास्त्राच्या बाजूने गाठ बरीचशी सुटलेली आहे.

मग अडले कुठे? पुसानेच १९९३ मध्ये काढलेल्या ‘पुसा ४४’ या भाताची गोष्ट यावर प्रकाश टाकते. ही जात पेरणीपासून पिकायला पाच महिन्यांहून जास्त घेते, जास्त पाणी पिते, जास्त काडी सोडते. लुधियानाच्या विद्यापीठाने तिची शिफारस कधी केली नाही. तरी ती पंजाबभर पसरली, कारण ती एकरी जास्त क्विंटल देते आणि सरकार पैसे क्विंटलवर देते. पाणी किती वापरले, काडी कुठे गेली, हे खरेदीच्या काट्यावर चढत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पंजाब सरकारने पुढच्या हंगामापासून तिच्यावर बंदी जाहीर केली. २०२४ मध्ये शेतकरी मोठ्या संख्येने पीआर १२६ कडे वळले, तर गिरणीवाल्यांनी या भातातून ठरलेल्या प्रमाणाएवढा तांदूळ निघत नाही अशी तक्रार केली आणि मंड्यांत ढीग साचले.

गेल्या काही वर्षांत उपायांची रीघ लागली. पुसाचे काडी कुजवणारे जैविक द्रावण दिल्लीच्या शेतांत फवारले गेले; ते काम करते, पण त्याला तीनेक आठवडे लागतात आणि शेतकऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. यंत्रांवर मोठे अनुदान दिले गेले. हरियाणाने भात सोडणाऱ्याला एकरी ७,००० रुपये देऊ केले. पंजाबात २०२० मध्ये सुमारे ८३,००० आगी उपग्रहाने टिपल्या होत्या, २०२४ मध्ये सुमारे १०,९०० टिपल्या. घट झाली आहे यात शंका नाही. मात्र उपग्रह ठरावीक वेळी डोक्यावरून जातो आणि आगी त्यानंतर लागतात, असा आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला आहे. २०२३ या भरडधान्य वर्षात पुसात परिषद भरली आणि जी-२० च्या पाहुण्यांना बाजरी-ज्वारीचे पदार्थ दाखवले गेले. पण भात आणि गहू जसे हमखास उचलले जातात तसे बाजरीचे पोते पंजाबच्या मंडीत उचलले जात नाही. २०२२ मध्ये पंजाबने मूग हमीभावाने घ्यायचे जाहीर केले, शेतकऱ्यांनी मूग पेरला आणि त्यातला बराचसा हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला विकावा लागला. असा एक अनुभव दहा सल्ल्यांवर पाणी फिरवतो.

दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर सीमांवर २६ नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर केंद्राच्या नव्या कृषी कायद्यांविरुद्ध जे शेतकरी बसले होते, त्यांच्याकडे या अंगाने पाहायला हवे. त्या कायद्यांचा हेतू काहीही असो, सरकारी खरेदी जाईल ही भीती त्यांना घराबाहेर घेऊन आली होती. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. काडी जाळणे हा गुन्हा मानू नये, हीही त्यांची मागणी होती. साठ वर्षांपूर्वी दिल्लीने एका हाती बियाणे आणि दुसऱ्या हाती खरेदीचा शब्द दिला, म्हणून शेतकऱ्याने पीक बदलले. या वेळी बियाणे आले, यंत्रे आली, दंडही आला. भाताऐवजी जे पिकवायचे त्याच्या खरेदीचा शब्द आला नाही. तो आल्याशिवाय हा बदल होईल, असे मला वाटत नाही.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वामीनाथन यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. चार दिवसांनी पुसात त्यानिमित्त समारंभ झाला आणि त्याच दिवशी हमीभावाच्या कायद्यासाठी दिल्लीकडे निघालेले शेतकरी पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर अश्रुधुराच्या नळकांड्यांना तोंड देत होते. स्वामीनाथन यांच्या कन्या, अर्थतज्ज्ञ मधुरा स्वामीनाथन यांनी त्या समारंभात सांगितले की शेतकऱ्यांना गुन्हेगार म्हणून वागवता येणार नाही, त्यांच्याशी बोलायला हवे.

त्यानंतर सरकारी गोदामांत तांदूळ इतका साचला की २०२४-२५ मध्ये ५२ लाख टन तांदूळ इथेनॉल गाळायला देण्याचे ठरले. आणि २०२५ मध्ये पंजाब सरकारने भाताची लावणी १ जूनपासून करायला परवानगी दिली. उशिरा कापलेल्या भातात ओल १७ टक्क्यांहून जास्त राहिली की खरेदी अडते, म्हणून कापणी लवकर व्हावी, हे कारण दिले गेले. पाण्याच्या अभ्यासकांनी याला विरोध केला, कारण २००९ च्या कायद्याने वाचवलेला भूजलाचा वाटा यातून पुन्हा जूनच्या उन्हात उपसला जाणार होता.